रॅमच्या सेटिंगमुळे कॉम्प्युटर बंद पडतो, तेव्हा दोष कसा शोधायचा?

कॉम्प्युटर अधूनमधून बंद पडतो, पण दर वेळी कारण वेगळंच दाखवतो. एकदा ब्लू स्क्रीनवर 'मेमरी मॅनेजमेंट' असं येतं, दुसऱ्यांदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', तिसऱ्यांदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. मध्येच ब्राउझरचा एखादा टॅब कोसळतो. मोठी झिप फाइल खराब असल्याचा संदेश येतो आणि तीच फाइल पुन्हा उघडली की नीट उघडते. माणूस ड्रायव्हर बदलतो, विंडोज नव्याने टाकतो, अँटिव्हायरस काढून बघतो, पण फरक पडत नाही.

अशा वेळी ब्लू स्क्रीनवरच्या शब्दांपेक्षा ते शब्द सारखे बदलताहेत, ही गोष्ट जास्त महत्त्वाची असते. दोष एखाद्या प्रोग्रामात किंवा ड्रायव्हरमध्ये असेल तर तो बहुतेक वेळा त्याच जागी, तेच काम करताना डोकं वर काढतो. तो घर बदलत फिरत असेल, तर सगळे प्रोग्राम ज्याच्या भरवशावर चालतात त्या थरात तो आहे, असं धरून शोध सुरू करावा. त्या थरातली जी गोष्ट आपण स्वतः हौसेने बदललेली असते, ती म्हणजे बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डावरच्या मूळ प्रोग्राममधली, रॅमची सेटिंग. एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचा पर्याय चालू केला, रॅम वेगाने धावू लागली आणि आपण तो विषय विसरून गेलो. बंद पडण्याचे प्रकार सुरू होतात ते कधी कधी काही महिन्यांनी, म्हणून या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

रॅमच्या आत काय चालतं

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर आणि त्याचं दार राखणारा एक ट्रान्झिस्टर. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचं पेटंट १९६८ मध्ये मंजूर झालं आणि आजची डीडीआर५ या पिढीची रॅमही मुळात त्याच तत्त्वावर चालते. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०. अडचण अशी, की हा कपॅसिटर गळक्या बादलीसारखा असतो, भरून ठेवला तरी भार हळूहळू झिरपून जातो. म्हणून आधीच्या पिढीच्या डीडीआर४ मध्ये बिटांची प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते आणि डीडीआर५ मध्ये ३२ मिलिसेकंदांच्या आत. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली तर गळती इतकी वाढते, की हे काम दुप्पट वेळा करावं लागतं.

वाचतानाही घाई चालत नाही. आधी ओळ उघडायची, त्या ओळीतले नाजूक भार ओळखण्याइतके मोठे होऊ द्यायचे, मग हवा तो स्तंभ निवडायचा, काम झालं की ओळ बंद करायची. या प्रत्येक पायरीसाठी क्लॉकचे किती ठोके द्यायचे, हे ठरवणाऱ्या आकड्यांना टायमिंग म्हणतात. रॅमच्या वर्णनात सीएल १६, सीएल ३० असं लिहिलेलं असतं ते त्यांपैकीच एक.

इथे एक छोटं गणित करून बघण्यासारखं आहे. डीडीआर४ ३२०० रॅमचा क्लॉक १६०० मेगाहर्ट्झचा असतो, कारण डीडीआरमध्ये एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवली जाते. म्हणजे एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा आणि सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. आता डीडीआर५ ६००० सीएल ३० घ्या. क्लॉक ३००० मेगाहर्ट्झ, ठोका साधारण ०.३३३ नॅनोसेकंदांचा, त्याला ३० ने गुणलं की पुन्हा १० नॅनोसेकंदच. पिढी बदलली, खोक्यावरचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला, पण आतल्या कपॅसिटरला उत्तर द्यायला लागणारा वेळ आहे तिथेच आहे. वाढली ती मुख्यतः माहितीची वाहतूक. त्यामुळे टायमिंगचे आकडे तसेच ठेवून नुसता वेग वाढवला, तर आपण रॅमच्या पेशींकडून कमी वेळात तेच काम मागत असतो. त्या एका मर्यादेपर्यंत देतात. मर्यादेच्या अगदी काठावर त्या बहुतेक वेळा बरोबर आणि क्वचित चूक उत्तर देतात. हे 'क्वचित'च सगळ्या त्रासाचं मूळ आहे.

एक बिट चुकला तर काय होईल, हे तो कुठे चुकला यावर अवलंबून असतं. फोटोतल्या एखाद्या ठिपक्याचा रंग बदलला तर कुणाला कळणारही नाही. पण तोच बिट एखाद्या पत्त्याचा भाग असेल, म्हणजे 'पुढची माहिती अमुक ठिकाणी आहे' असं सांगणारा आकडा असेल, तर प्रोसेसर भलत्याच ठिकाणी जातो. तिथे काहीच नसतं किंवा जायची परवानगी नसते, आणि विंडोज सगळं थांबवून ब्लू स्क्रीन दाखवते. चूक एकाच प्रकारची, पण ती कुणाच्या वाट्याला येते त्यानुसार संदेश बदलतो. संदेशातल्या ड्रायव्हरचं नाव बघून तो ड्रायव्हर बदलत बसणं म्हणूनच व्यर्थ ठरतं.

खोक्यावरचा आकडा ही हमी नव्हे

रॅमचे अधिकृत वेग आणि व्होल्टेज जेडेक ही संस्था ठरवते. तिच्या मानकानुसार डीडीआर४ ला १.२ व्होल्ट लागतात आणि डीडीआर५ ला १.१. प्रत्येक रॅम स्टिकवर एसपीडी नावाची छोटी चिप असते आणि तिच्यात हे मानक आकडे नोंदवलेले असतात. कॉम्प्युटर पहिल्यांदा चालू होतो तो याच आकड्यांवर. त्याच चिपमध्ये उत्पादकाने आणखी एक, जास्त वेगाची नोंद ठेवलेली असते. इंटेलने २००७ मध्ये डीडीआर३ च्या काळात या नोंदीला एक्सएमपी नाव दिलं. एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर५ साठी स्वतःची एक्स्पो ही पद्धत आणली. डीडीआर४ च्या एक्सएमपीमध्ये व्होल्टेज बहुधा १.३५ असतं, म्हणजे मानकापेक्षा स्पष्टच जास्त.

एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, अर्थात अधिकृत वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं, हे फार थोड्यांना माहीत असतं. इंटेल आणि एएमडी दोघीही त्याला ओव्हरक्लॉकिंगच मानतात. खोक्यावर ठळक छापलेला आकडा रॅमच्या चिपनं गाठलेला असतो. पण कॉम्प्युटरमध्ये तो गाठायला तिघांचं जमावं लागतं: रॅमचं, प्रोसेसरच्या आत बसून रॅमशी देवाणघेवाण करणाऱ्या मेमरी कंट्रोलरचं आणि मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषांचं. तिघांतला सर्वांत कमकुवत जो असेल, तोच खरा वेग ठरवतो. एकाच मॉडेलच्या दोन प्रोसेसरांमध्येही मेमरी कंट्रोलरची ताकद सारखी नसते. त्यामुळे मित्राच्या कॉम्प्युटरवर जी रॅम निर्धोक चालते, ती तुमच्याकडे अडखळू शकते आणि तरीही रॅम अगदी निर्दोष असू शकते.

चार स्टिक लावल्यावर हे फारच तीव्र होतं. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग दोन स्टिकसाठी ५२०० आहे आणि चार स्टिकसाठी फक्त ३६००. ३२ जीबीच्या ६००० वेगाच्या जोडीला आणखी तशीच एक जोडी आणून लावली आणि एक्स्पो तसंच चालू ठेवलं, तर आपण अधिकृत मर्यादेच्या जवळजवळ पावणेदोनपट वेग मागतोय, हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. शिवाय उत्पादक तपासतो ती एका पाकिटातली जोडी. एकाच नावाच्या दोन पाकिटांमध्ये आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. जास्त रॅम हवी असेल, तर मोठ्या क्षमतेच्या दोनच स्टिकची एक जोडी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. असलेल्या जोडीत दुसरी मिसळून होणारी बचत नंतरच्या मनस्तापात निघून जाते.

तपास कुठून सुरू करायचा

पहिलं पाऊल अगदी साधं आहे: एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा आणि कॉम्प्युटर नेहमीसारखा वापरा. किती दिवस? आधी ज्या अंतराने तो बंद पडत होता, त्याच्या तीनचारपट तरी. दोन दिवसांनी एकदा बंद पडणारा कॉम्प्युटर एक दिवस नीट चालला, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

बायोसमध्ये 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' असा एक पर्याय असतो आणि पुष्कळ जण तोच वापरायला सांगतात. मी आधी फक्त रॅमची सेटिंग बंद करायला सांगेन. सगळं मूळ पदावर नेलं तर सिक्युअर बूट, टीपीएम, डिस्कची मोड अशा इतर गोष्टीही बदलू शकतात. मग कधी विंडोज सुरूच होत नाही, तर कधी डिस्कला कुलूप लावणारा विंडोजचा बिटलॉकर रिकव्हरी की मागतो. ती की जवळ नसेल तर आपल्याच फाइल्स आपल्याला बंद होतात. बायोसला हात लावण्याआधी ती की लिहून किंवा छापून ठेवलेली असावी, यात हयगय नको.

आणखी एक खबरदारी. रॅम चुका करत असताना घेतलेल्या बॅकअपमध्येही त्या चुका उतरू शकतात. म्हणून या काळात जुन्या बॅकअपवर नवा लिहू नका. महत्त्वाच्या फाइल्सची वेगळी प्रत करा आणि जुनी प्रत हात न लावता राहू द्या. खरं तर ब्लू स्क्रीन हे त्यातल्या त्यात बरं लक्षण आहे. निदान ते दिसतं तरी. हिशेबाच्या फाइलमधला एक आकडा किंवा वर्षानुवर्षं जपलेल्या फोटोंमधला एखादा फोटो मुकाट्याने बिघडतो, तेव्हा कुठलाच संदेश येत नाही. थोड्या वेगासाठी हा धोका पत्करू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

एक्सएमपी बंद असताना मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा. तो विंडोजच्या बाहेर चालतो, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासू शकतो. विंडोजमध्ये स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक आहेच, पण काठावरच्या चुका पकडण्यात ते कमी पडतं, त्यात काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. मेमटेस्टच्या निदान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या, रात्रभर चालू ठेवलं तर उत्तम. आणि निकाल वाचताना सूट देऊ नका: एक चूक दिसली तरी ती चूकच. 'लाखो तपासण्यांत एकच तर आहे' हा हिशेब रॅमला लागू पडत नाही.

मानक वेगावरही चुका आल्या, तर प्रश्न सेटिंगचा नाही, बिघाड हार्डवेअरमध्ये आहे. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, स्टिक काढून नीट पुन्हा बसवा, कारण कधी कधी संपर्कच सैल असतो. मग एका वेळी एकच स्टिक, एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा. चूक स्टिकबरोबर फिरत असेल तर स्टिक खराब आहे. स्टिक बदलूनही चूक त्याच स्लॉटमध्ये राहत असेल, तर संशय मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरवर जातो. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटची एखादी पिन वाकली असली तरी एक स्लॉट रुसतो. स्टिक खराब निघाली तर वॉरंटी बघा. रॅमवर पुष्कळ उत्पादक आजीवन वॉरंटी देतात. जोडी असेल तर दोन्ही स्टिक एकत्र परत पाठवाव्यात, म्हणजे बदलून येणारी जोडीही एकत्र तपासलेली असते.

चार स्लॉटच्या बहुतेक मदरबोर्डांवर दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. पहिल्या आणि तिसऱ्यात लावल्या तरी कॉम्प्युटर चालू होतो, पण जास्त वेगावर सिग्नल बिघडतो. हे तपासायला एक मिनिट लागतं, तेव्हा आधी तेच बघा.

दोष सेटिंगमध्येच निघाला तर

मानक वेगावर सगळं शांत आणि एक्सएमपीवर गडबड, असं चित्र असेल तर सर्वप्रथम बायोस अपडेट करा. मदरबोर्डाचे उत्पादक नव्या बायोसमध्ये रॅमशी जुळवून घेण्याची पद्धत सुधारत असतात आणि नव्या प्रोसेसरच्या पहिल्या वर्षात तर हा फरक खूप मोठा असतो. अपडेट करताना एक्सएमपी बंदच ठेवा. डळमळीत रॅमवर बायोस लिहिणं धोक्याचं आहे.

अपडेटनंतर एक्सएमपी पुन्हा चालू करून बघा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. त्या वेळात मेमरी कंट्रोलर रॅमशी सिग्नलची वेळ जुळवून घेत असतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. घाबरून मध्येच वीज तोडू नका. हे ट्रेनिंग वगळून लवकर सुरू होण्यासाठी एएमडीच्या बोर्डांवर 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' असा पर्याय असतो. काही कॉम्प्युटरांवर अस्थिरतेचं कारण तोच निघतो, तेव्हा बंद करून बघावा. सेटिंग बदलल्यावर कॉम्प्युटर अजिबातच सुरू झाला नाही, तर बहुतेक बोर्ड काही प्रयत्नांनंतर स्वतःहून मानक वेगावर येतात. नाही आले तर प्लग काढून मदरबोर्डावरचं नाण्यासारखं सेल काही मिनिटं बाहेर ठेवलं की बायोस मूळ पदावर येतं.

तरीही चुका आल्या तर वेग एक पायरी खाली आणा: ६००० चा ५६००, ३६०० चा ३२००. टायमिंग आणि व्होल्टेज एक्सएमपीचेच राहू द्या. क्लॉक मंदावल्यामुळे तेवढ्याच ठोक्यांना आता जास्त वेळ मिळतो आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. गेममध्ये किंवा रोजच्या कामात हा फरक जाणवणं कठीण आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती लिहून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही.

व्होल्टेज वाढवून वेग टिकवायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी देणार नाही. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर, विशेषतः एक्स३डी प्रकारचे, मदरबोर्डांवर जळाल्याचं समोर आलं. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला, म्हणजे मेमरी कंट्रोलर ज्यात असतो त्या भागाला, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. एएमडीने नंतर ते १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित केलं. रॅमची सेटिंग म्हटली तरी तिचा भार प्रोसेसरवरही पडतो, याचं हे बोलकं उदाहरण आहे.

शेवटची कसोटी विंडोजमध्ये घ्यावी. मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड थंड असतं. गेम चालू असताना त्याची गरम हवा थेट रॅमवर जाते, आणि तापलेली रॅम जास्त गळते हे वर आलंच आहे. फक्त गेममध्ये, तेही अर्ध्यापाऊण तासाने बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरमागे पुष्कळदा हेच असतं. डीडीआर५ स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो आणि एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रामात तो वाचता येतो. ओसीसीटी किंवा टेस्टमेम५ हा रॅमवर ताण देऊन तपासणारा प्रोग्राम तासभर चालवा, आणि शक्य असेल तर त्याच वेळी ग्राफिक्स कार्डही कामाला लावा.

रॅम रिकामी, तरीही 'मेमरी संपली'

मेमरीची आणखी एक सेटिंग विंडोजच्या आत असते, आणि तिच्यामुळे होणारा त्रास अगदी वेगळा दिसतो. इथे सगळा कॉम्प्युटर कोसळत नाही. एखादा मोठा प्रोग्राम, बहुतेक वेळा तोच तो, मेमरी अपुरी असल्याचं सांगून किंवा न सांगताच बंद होतो. टास्क मॅनेजरमध्ये बघावं तर रॅम अर्धी रिकामी.

विंडोज प्रोग्रामांना मेमरी द्यायचं वचन आधी देते आणि प्रत्यक्ष रॅम गरजेप्रमाणे नंतर. दिलेल्या वचनांची एकूण मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेज फाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा. 'एसएसडीची झीज होते' किंवा 'वेग वाढतो' असं ऐकून कुणी पेज फाइल बंद केली किंवा फार लहान केली, तर ती मर्यादा खाली येते. मग रॅम रिकामी असूनही नवं वचन देता येत नाही आणि प्रोग्राम बंद पडतो. टास्क मॅनेजरच्या मेमरी विभागात 'कमिटेड' या शब्दाखाली दोन आकडे दिसतात. पहिला दुसऱ्याच्या जवळ पोहोचला असेल तर निदान झालं. घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम विभागात 'रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर'ची २००४ क्रमांकाची नोंद असेल तर खात्रीच. उपाय एकच, पेज फाइलचा आकार पुन्हा विंडोजवर सोपवा आणि त्या ड्राइव्हवर पुरेशी जागा मोकळी ठेवा.

त्याच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर ४१' दिसलं की पुष्कळ जण पॉवर सप्लाय बदलायला धावतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते, की कॉम्प्युटर नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झाला. कारण ती सांगत नाही.

संदेश मेमरीचा पण दोषी दुसराच, असंही होतं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांवर अनेक गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' असं सांगून बंद पडत होते. ग्राफिक्स कार्डाची मेमरी शाबूत होती. प्रोसेसरला जाणाऱ्या वाढीव व्होल्टेजमुळे तो स्वतःच डळमळीत होत होता. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांची, दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्तीने पुढची झीज रोखली जाते, पण झालेली भरून येत नाही. तुमचा प्रोसेसर या पिढ्यांमधला असेल आणि रॅम मानक वेगावर स्वच्छ निघत असेल, तर आता प्रोसेसरच्या वॉरंटीकडे वळा.

रॅम मदरबोर्डालाच जोडलेली असते अशा लॅपटॉपमध्ये स्टिक बदलायची सोय नसते. पण खराब भाग लहान आणि ठरावीक पत्त्यावर असेल, तर लिनक्सला तेवढा पत्ता वापरू नकोस असं सांगता येतं. मेमटेस्ट८६+ त्यासाठी लागणारी यादीही देतं. विंडोजमध्येही असे खराब तुकडे वगळायची सोय आहे. हा कायमचा इलाज नव्हे, कारण खराब भाग पुढे पसरू शकतो.

कॉम्प्युटर स्थिर झाला, आठवडाभर एकही ब्लू स्क्रीन नाही, तरी एक काम उरतंच. रॅम चुका करत असताना विंडोजचे जे अपडेट आले, जे प्रोग्राम टाकले गेले, ते बिघडलेल्या अवस्थेत डिस्कवर बसलेले असू शकतात. विंडोजमधलाच सिस्टीम फाइल चेकर चालवून विंडोजच्या फाइल्स दुरुस्त करून घ्या. त्याने भागलं नाही तर डिझम या विंडोजच्या दुसऱ्या साधनाने दुरुस्ती आधी करून तो पुन्हा चालवा. त्या काळात टाकलेले मोठे प्रोग्राम आणि गेम नव्याने टाका किंवा त्यांच्या फाइल्सची पडताळणी करा. आणि त्याच काळात कॉपी केलेले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं उघडून, जुन्या बॅकअपमधल्या प्रतीशी ताडून बघा. ही पडताळणी होईपर्यंत तो जुना बॅकअप पुसू नका.